चिमूटभर वीस गुंठे

खानविलकर सरांनी माझ्या टेबलावर पुडी ठेवली, तिला लाख लावलेली होती. पार्सलाला लावतात तशी तांबडी लाख, आणि तिच्यावर त्यांच्या अंगठीचा ठसा.

"कुणाच्या लग्नाची अक्षत, सर?" मी विचारलं.

"चेष्टा नको, बाई. हा पद्मजा चौगुलेचा कोळसा आहे. तिच्या कपाटातून मी स्वतः काढला, माझ्या खोलीत माझ्या तराजूवर तोलला आणि बंद केला. पुडीवर वजन आहे, खाली सही आहे. यंत्रात हेच वजन घालायचं. नंतर कुणी हात लावायचा नाही."

"वजन सुकवल्यावर घेतात, सर. आधी नळीत घालायचं, रात्रभर तापवत आतली हवा ओढून घ्यायची, आणि मग तराजू."

"रात्रभर ती नळी कुणाच्या ताब्यात असते?"

"माझ्या."

"खोलीची किल्ली?"

"एक माझ्याकडे, एक माळवदेकडे."

"झालं तर मग," ते म्हणाले. "मी कुणाचं नाव घेत नाही."

नाव न घेता दोन माणसांना चोर ठरवायची सरांची हातोटी होती. मी पुडी उचलून घेतली. पावसाळ्याचे दिवस, भिंतींना ओल फुटलेली, कपाटातले कागद सादळलेल्या पापडासारखे मऊ पडलेले. लाख मात्र कडक होती.

मी तेव्हा विद्यापीठाच्या उपकरण केंद्रात होते. माझे वडील भूमापन खात्यात मोजणीदार. साखळी घेऊन गावोगाव फिरायचे. ते सांगायचे, मोजणीला गेलं की या बांधावरचा चहा प्यायचा नाही आणि त्या बांधावरचाही नाही. मीही मोजणीदारच झाले, फक्त माझी शेतं डोळ्यांना दिसायची नाहीत. लोक चिमूटभर पावडर आणून द्यायचे आणि माझं यंत्र सांगायचं, हिच्या आतल्या भोकांच्या भिंती उलगडून पसरल्या तर किती जागा होईल. थंडगार नायट्रोजन आत सोडायचा. जितका चिकटला तितकी जागा. मग त्याला वजनानं भागायचं. म्हणजे वजन चुकलं की मोजणी चुकली, हे आलंच.

पावडर बघता बघता पावडर आणणारी माणसंही मोजायची सवय लागते. कोण आकडा ऐकायच्या आधीच हसतो, कोण ऐकून घाम पुसतो, ही जमा-नावे माझ्या डोक्यात कायम मांडलेली असायची. पद्मजाच्या खात्यावर मात्र काय लिहावं ते मला कळत नव्हतं.

ती शिरोळकडची. घरचं गुऱ्हाळ. सर तिचे मार्गदर्शक, आणि विषय त्यांनीच दिलेला: साखरेपासून सच्छिद्र कोळसा. साखर पाण्यात विरघळवून पोलादी डबीत गच्च बंद करायची. त्या डबीला आमच्याकडे 'बाँब' म्हणतात. बाँब भट्टीत ठेवला की आतल्या साखरेचा काळा रवा होतो. त्याला पोटॅश लावून, हवा न लागू देता पुन्हा भाजायचा, की त्याला भोकं पडतात. इतकी बारीक, की सुईचं टोक त्यांच्यापुढे डोंगर. असला कोळसा वीज साठवायला लागतो, घाण पाणी स्वच्छ करायला लागतो.

सरांचाच दुसरा विद्यार्थी, प्रवीण माळवदे, तिच्याआधीपासून हेच करत होता, बाटलीतली शुद्ध साखर घेऊन. त्याचा कोळसा ग्रॅममागे नऊ गुंठ्यांच्या वर कधी गेला नाही. पद्मजानं घरून काकवीचा कॅन आणला.

"शुद्ध साखर म्हणजे रिकामं घर, मॅडम," ती मला म्हणाली होती. "काकवीत साखरेबरोबर सगळं गणगोत असतंय. जमिनीतनं आलेलं पोटॅशसुद्धा. भोकं पाडायला ते आतनंच हात लावतंय."

ऐन उन्हाळ्यात तिची पहिली पावडर माझ्याकडे आली. आकडा बघून मी चष्मा पुसला. एका ग्रॅमला दोन हजार चौरस मीटर.

"वीस गुंठे गं," मी म्हटलं. "चिमटीत अर्धा एकर घेऊन फिरतेस."

सर शेजारीच उभे होते. "बाई, इथे चौरस मीटर म्हणतात," ते म्हणाले. पण हसत म्हणाले. त्या दिवशी ते खरंच आनंदात होते.

आनंद चार दिवस टिकला. मग माळवदे त्यांच्या खोलीत जाऊन आला.

झालं असं होतं, की तुलनेसाठी माळवदेनं परदेशातून तयार कोळशाची एक बाटली मागवली होती. भारी माल, वीस-बावीस गुंठ्यांचा. ती बाटली अर्धी झाली होती. माळवदेनं सरांना एवढंच सांगितलं, की बाटली अर्धी आहे. पुढचं गणित सरांनी स्वतः केलं: उरलेली अर्धी पद्मजाच्या पावडरीत गेली.

त्यांनाही पुरता दोष देता येत नाही. पूर्वी त्यांच्या एका विद्यार्थ्यानं आकडे घरी बसून तयार केले होते. छापलेला शोधनिबंध सरांना जाहीरपणे मागे घ्यावा लागला. तेव्हापासून ते टेबलावरचं पेनसुद्धा खणात ठेवून कुलूप लावत. पद्मजाला त्यांनी तोंडावर काही विचारलं नाही. तिच्या कपाटाची दुसरी किल्ली करून घेतली.

आणि खरं सांगायचं तर मलाही शंका होतीच. नऊ कुठे, वीस कुठे. तोच बाँब, तीच भट्टी. पोरगी हुशार होती, पण हुशार माणसानंच लबाडी करायची असते. मठ्ठाला ती झेपत नाही. तिनं मला काकवीची बाटली दिली ती मी घेतली. वडिलांनी चहा वर्ज्य केला होता, काकवीबद्दल ते काही बोलले नव्हते. पण घेताना तिच्याकडे नीट बघून घेतलं.

"सौद्यात तुझ्या वडिलांची गुळाची ढेप कुणी फोडून बघतं का गं?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"बघू दे की. संशय आला तर फोडायचा हक्कच हाय घेणाऱ्याला." ती अजिबात अडखळली नाही. "पण आमच्या बाजूला एक रीत हाय. फोडली की ढेप त्याची. आत कशीबी निघू दे, त्यानंच उचलायची. फुटकी ढेप दुसरा कोण घेणार? म्हणून व्यापारी बोट लावतोय, वास घेतोय, वरनं ठोकतोय, पण फोडायच्या आधी दहादा विचार करतोय."

"आणि फोडून चांगली निघाली, तरी नाही घेतली तर?"

"एकानं केलं होतं तसं. 'चांगली हाय, असू दे तुमच्याकडंच,' म्हणाला आन् पुढं गेला." ती हसली. "त्याला परत कुणी ढेप दाखवली न्हाई."

आता ही लाखेची पुडी. मी ती सरांच्या देखत फोडली, पावडर नळीत घातली, रात्रभर सुकवली आणि दुसऱ्या दिवशी वजन त्यांच्या सहीचं घातलं. माझं सांगून झालं होतं, त्यांनी ऐकलं नव्हतं. शिवाय सुकून किती सुकणार? सरांचा जन्म लोखंडा-जस्ताच्या पावडरी हाताळण्यात गेला होता. त्या सुकल्या काय, न सुकल्या काय, वजनात केसाचा फरक.

आकडा आला चौदा.

सरांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. "सहा गुंठे कुठे गेले, बाई?" त्यांनी विचारलं. गुंठे हा शब्द त्यांनी चिमट्यानं उचलल्यासारखा उच्चारला.

"मी मोजते, सर. खात नाही."

"पहिल्या वेळेला मिसळ होती. या वेळेला मिसळायची संधी मिळाली नाही. साधी गोष्ट आहे."

संशोधन समितीची बैठक तिसऱ्या दिवशी दुपारी ठरली. विषय एकच: चौगुले, पद्मजा, नोंदणी रद्द करणे. गुऱ्हाळावरून आलेली पोरगी खोटारडी ठरून घरी जाणार, आणि रसायनशास्त्रात परत तिला कुणी दारात उभं करणार नाही, हे विभागात सगळ्यांना ठाऊक झालं होतं. तिला स्वतःला कळलं ते सूचना-फलकावरून.

बैठकीच्या दिवशी सकाळी ती माझ्याकडे आली. रडलेली वगैरे नव्हती. केस घट्ट बांधले होते.

"मॅडम, ती नळी अजून आहे?"

"यंत्रावरून काढलीय. बूच लावून ठेवलीय."

"मला तिच्यातली पावडर तोलायची आहे."

"सरांशिवाय मी बूच काढणार नाही," मी म्हटलं. "उद्या माझीच पुडी बांधतील."

"बोलवा की त्यांना. मीबी त्यांच्यासमोरच तोलणार आहे."

सर आले. मागोमाग माळवदे आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

"वजन झालेलं आहे," सर म्हणाले. "त्यावर माझी सही आहे."

"सही तुमचीच राहू द्या, सर. मी फक्त आकडा बघते."

मी काचेची वाटी तराजूवर ठेवली, आकडा शून्यावर आणला, बूच काढून पावडर वाटीत ओतली. पुडीवर सहीचं वजन होतं एकशे चाळीस मिलिग्रॅम. तराजूनं दाखवले अठ्ठ्याण्णव.

सर माझ्याकडे वळले. इतकी वर्षं मी त्यांना बघत होते, पण ती नजर माझ्या वाट्याला पहिल्यांदाच आली.

"जवळजवळ तिसरा हिस्सा गायब आहे, बाई."

"असेल."

"असेल म्हणजे? नळी तुमच्या ताब्यात होती."

"मग झडती घ्या, सर. पदराला काळं लागलंय का बघा. कोळसा चोरून मी काय करू, दात घासू?"

"एक किल्ली माळवदेकडे होती," सर म्हणाले.

"सर, मी त्या दिवशी रजेवर होतो," माळवदे घाईनं म्हणाला. "मॅडमना विचारा."

"रजेवर होतास, पण किल्ली तुझ्या खिशातच होती," मी म्हटलं. आता मीही कुणाला सोडणार नव्हते. माझ्या ताब्यातून काही जातं म्हणजे काय.

आम्ही तिघं एकमेकांचे हिशेब मांडत होतो. पद्मजा आमच्याकडे बघतच नव्हती. तराजूचं काचेचं दार उघडंच राहिलं होतं आणि ती त्याच्यासमोर ओणवी झाली होती.

"सर, आकडा बघा," ती म्हणाली.

एकशे तीन.

"पंख्याचा वारा लागतोय," सर म्हणाले. माळवदेनं पंखा बंद केला.

एकशे सहा.

"खिडकी."

माळवदेनं खिडकी लावली. पंखा नाही, वारा नाही, टेबलाला कुणाचा हात नाही. आकडा आपला वर निघाला होता, विहिरीतून पाणी चढावं तसा. वाटीत कुणी काही घालत नव्हतं आणि वजन वाढत होतं. शिपाई चहा ठेवून गेला, तो गार झाला. एकशे बारा. एकशे सतरा. सर खुर्ची ओढून समोर बसले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. ते मुळात चांगले रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांना कळायला सांगावं लागणार नव्हतं, गप्प बसावं लागणार होतं, एवढंच.

"हवेतलं पाणी पितोय," अखेर ते म्हणाले.

"पावसाळा हाय, सर," पद्मजा म्हणाली. "आन् तहान मोठी हाय त्याची. तुम्ही पुडी बांधली तेव्हा तो पिऊन बसला होता. तुम्ही पाणीच तोललंत. यंत्रावर लागला तो सुकून लागला."

सरांनी खिशातला कागद काढला, उलट्या बाजूला भागाकार मांडला. सहीचं वजन काढून सुकं वजन घातलं. पेन थांबलं. मी त्यांच्या खांद्यावरून वाकून बघितलं. वीस.

ज्याला आत इतकी जागा नसती, तो इतकं पाणी पिऊच शकला नसता. माळवदेच्या शुद्ध साखरेच्या कोळशाला ही चूक एवढी झोंबली नसती.

"पण ती परदेशी बाटली?" सरांनी शेवटचा खडा टाकला. आवाजात दम नव्हता. "ती अर्धी कशी झाली?"

हे मात्र माझ्या खात्यातलं होतं. माळवदे सोमवारी डब्यात सुकट आणायचा आणि नमुन्यांच्या फ्रिजमध्ये ठेवायचा. त्यावरून मी त्याला झाडलं होतं. पुढे पुढे डबा दिसायचा, पण वास येईना. हे मला कधीपासून खटकत होतं; सुकट सुधारलं असेल असं मानायला मी तयार नव्हते.

"माळवदे, फ्रिज उघड," मी म्हटलं.

तो हलला नाही. मीच उघडला. मागच्या कोपऱ्यात, बाटल्यांच्या आड, एक स्टीलची वाटी. वाटीत काळी पावडर, काठोकाठ.

"मॅडम, तुम्हीच वासावरून ओरडला होता," माळवदे म्हणाला. "कोळसा वास ओढतो, म्हणून ठेवला थोडा."

"सातासमुद्रापलीकडचा?"

"हाताशी तोच होता."

पद्मजा त्याच्याकडे बघत राहिली. "आन् इतके दिवस तू गप्प बसलास?"

"मला कुणी विचारलंच नाही."

"विचारलं असतं तर सांगितलं असतंस?"

माळवदेनं फ्रिजचं दार लावलं. दोनदा लावलं, पहिल्यांदा नीट बसलं नाही.

सर उठले. त्यांच्या चेहऱ्यावर एक मोकळेपणा येत होता, आणि तोच मला आवडेना. "बरं झालं," ते म्हणाले. "वेळेवर उलगडलं. पद्मजा, तू काळजी करू नकोस. दुपारी मी समितीला सांगतो, तांत्रिक कारणामुळे आकडा चुकला होता. विषय मागे घेऊ." बोलता बोलता त्यांची नजर माझ्या यंत्रावर गेली. तांत्रिक कारण म्हणजे कोण, ते मला समजलं.

"तांत्रिक न्हाई, सर," पद्मजा म्हणाली.

"म्हणजे?"

"यंत्र बरोबर होतं. मॅडमनी वजन कधी घ्यायचं ते तुम्हाला सांगितलं होतं. माझं नाव फलकावर लागलंय. सगळ्या विभागानं वाचलंय." तिनं वाटी तराजूवरून उचलली, परत ठेवली. "आमच्याकडं ढेप फोडायचा हक्क घेणाऱ्याला असतोय. मी तुम्हाला फोडू नका म्हणाले न्हाई. पण फोडलीत ना? आता ती तुम्ही उचलायची."

सरांना ढेपेचं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकी उघडायला गेले.

दुपारी समितीत मला यंत्राची माहिती द्यायला बसवलं होतं. अध्यक्षबाई, चार सदस्य, टिपण घ्यायला कारकून पेडणेकर. पद्मजाला बाहेर बाकावर बसवलं होतं. दार अर्धवट उघडं होतं, तिला ऐकू येत असणार. सर लिहून आणलेला कागद घेऊन उभे राहिले.

"तांत्रिक कारणामुळे," त्यांनी वाचायला सुरुवात केली, आणि थांबले.

मला वाटलं, झालं. माणूस आपल्या जातीवर गेला. मनातल्या मनात मी त्यांचं खातं बंद करायला घेतलं.

त्यांनी कागद टेबलावर पालथा ठेवला. "नाही. पेडणेकर, ते खोडा. यंत्र बरोबर होतं. सुकवायच्या आधी वजन मी केलं. तसं करू नये असं बाईंनी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, कारण माझा कुणावर विश्वास नव्हता. या मुलीवर तर मुळीच नव्हता. तिचा कोळसा खरा आहे."

पेडणेकरचं पेन कागदावर अडकलं होतं.

"सर, 'मुळीच' पण लिहू?"

"लिहा," सर म्हणाले.

बाहेर आले तेव्हा पद्मजा बाकावर तशीच बसली होती.

"उचलली बघ त्यांनी," मी म्हटलं.

"उचलली खरी," ती म्हणाली. "फुटलेली जुळत न्हाई, मॅडम." मग पिशवी खांद्याला लावून प्रयोगशाळेकडे गेली. तिचा बाँब भट्टीत होता.

पुढं तिनं त्यांच्याचकडे काम पुरं केलं. कामाचं बोलायची, वेळेवर यायची, काकवीची बाटली दर वर्षी माझ्याकडे यायची. सरांच्या खोलीत एकदाही गेली नाही. माझ्या टेबलावरची बाटली मात्र ते बघायचे.

त्या पावसाळ्याच्या शेवटी शेवटी तिची नवी पावडर मोजायला आली. घेऊन स्वतः सरच आले. साध्या कागदाची पुडी. लाख नाही, सही नाही, वजन नाही. त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि खोलीबाहेर जाऊन व्हरांड्यात उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी नळी सुकून निघाली, तोलून झाली, यंत्रावर चढली, तोपर्यंत पद्मजा माझ्या शेजारी स्टुलावर बसून होती. सर पुन्हा येऊन व्हरांड्यात थांबले होते. आत या म्हटलं, तर नको म्हणाले. आकडा आला. आम्ही दोघींनी वाचला. पहिल्यापेक्षा दोन जास्त.

बाहेरून सरांचा आवाज आला. "बाई, किती गुंठे भरले?"

मी तोंड उघडणार, तोच पद्मजानं माझ्या हातावर हात ठेवला.

"लगेच सांगू नका," ती हळूच म्हणाली. "उभं राहू द्या की जरा."

मी तराजूचं दार उघडलं आणि उगाचच, खडखडाट करत, परत लावलं.

"मोजतेय, सर," मी म्हटलं.